बंद शटरचा खुलासा आमच्याकडेच का? ग्रामपंचायतीस एका गाळेधारकाचे खुले पत्र

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य व ग्रामविकास अधिकारी

प्रत माहितीसाठी: मा. गटविकास अधिकारी, मा. तहसीलदार, मा. जिल्हाधिकारी

जुलै 2021

महोदय,

सादर नमस्कार. बसथांब्यामागच्या ग्रामपंचायतीच्या व्यापारी संकुलातील आम्हा गाळेधारकांना आपल्या कार्यालयाचे पत्र मिळाले आहे. मार्च 2020 पासून गाळा वारंवार व दीर्घकाळ बंद ठेवल्याचे निदर्शनास आले असून त्याची कारणे पुराव्यासह सात दिवसांत लेखी सादर करावीत, थकीत भाडे विलंब आकारासह भरावे, अन्यथा करारातील अटीनुसार गाळा ताब्यात घेऊन त्याचा फेरलिलाव करण्यात येईल, असा त्या पत्राचा आशय आहे. माझ्या गाळ्यापुरते उत्तर मी कार्यालयात दिले असून त्याची पोच घेतली आहे. तरीही हे दुसरे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण ज्या काळात दुकान उघडणे हा गुन्हा होता त्या काळात ते बंद का होते हे दुकानदाराने पुराव्यानिशी सिद्ध करावे, ही अपेक्षाच मला मान्य नाही. गावाचे नाव येथे लिहीत नाही. कोणाची बदनामी करणे हा माझा हेतू नाही.

माझे दुकान वह्या-पुस्तकांचे आणि झेरॉक्सचे आहे. आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि तेव्हाचे दोन-तीन आठवडे हेच माझ्या धंद्याचे वर्ष असते. असे दोन हंगाम कोरडे गेले आहेत. मागच्या वर्षी ठोक व्यापाऱ्याकडून उधारीवर आणलेल्या दोनशे पानी वह्यांचे गठ्ठे आजही सुतळी न सोडता तसेच पडून आहेत आणि खालच्या थरातील वह्यांना कसर लागली आहे. त्यामुळे आपल्या पत्रातील प्रत्येक ओळ माझ्याशी संबंधित आहेच. पण माझ्याकडे लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. अक्षर बरे असल्यामुळे आणि कार्डशीट, मार्कर माझ्याकडे असल्यामुळे आमच्या ओळीतील बहुतेक शटरांवर या सव्वा वर्षात लागलेल्या पाट्या मी लिहिल्या आहेत. दुकान बंद का आहे हे सांगण्यात या ओळीने कधीही कसूर केलेली नाही, असे मी त्यामुळेच ठामपणे सांगू शकतो.

पहिली पाटी अगदी साधी होती. 22 मार्च 2020 रोजी रविवारी जनता कर्फ्यू होता, म्हणून "आज दुकान बंद राहील, उद्या सकाळी नेहमीप्रमाणे सुरू" एवढेच लिहिले होते. सोमवारी राज्यात संचारबंदी लागली आणि 25 मार्चपासून देशभर एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. शेजारच्या टेलरने बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून आणला आणि त्यावर माझ्याकडून "शासनाच्या आदेशानुसार दुकान 14 एप्रिलपर्यंत बंद" असे लिहून घेतले. ती तारीख आली तेव्हा तो तोच पुठ्ठा घेऊन आला. 14 एप्रिलवर काट मारून 3 मे लिहिले, मग 17 मे, मग 31 मे. मी नवा कागद देऊ केला तर तो नको म्हणाला. खोडलेल्या तारखा दिसू द्या, म्हणजे बंद मी वाढवत नाही हे लोकांना कळेल, असे त्याचे म्हणणे होते. पुठ्ठ्यावर जागा उरली नाही तेव्हा खालच्या कडेला बारीक अक्षरात त्याचा मोबाइल नंबर आणि "शिवून तयार असलेले कपडे फोन केल्यास घरून मिळतील" ही ओळ लिहिली. लग्नसराईचे कपडे होते, बहुतेक लग्ने पुढे ढकलली गेली होती, आणि शिलाई अडकली असली तरी ज्याचा कपडा त्याला मिळाला पाहिजे ही त्याची तळमळ होती. आपल्या पत्रात ज्याला "कोणतीही पूर्वसूचना न देता गाळा बंद ठेवला" असे म्हटले आहे, त्यांत हा टेलर आहे.

सलूनवाल्याची पाटी वेगळी होती. राज्यात सलून 28 जून 2020 पासून उघडली, तीही फक्त केस कापण्यासाठी. दाढी करण्याची परवानगी त्या वेळी नव्हती. तोवरच्या तीन महिन्यांत गावातली मोठी माणसे त्याला घरी येऊन कटिंग करून दे म्हणून निरोप धाडत होती. गेला तर पोलिसांची भीती, नाही गेला तर गिऱ्हाईक तुटण्याची भीती. त्याने लिहून घेतले, "शासन आदेशामुळे सेवा बंद आहे. घरी येण्याचा कृपया आग्रह करू नये." एवढ्या दोन वाक्यांसाठी तो बराच वेळ माझ्या ओट्यावर बसून होता, कारण कोणाचेही मन न दुखावता नाही म्हणायचे होते. गावात धंदा करणाऱ्याला पाटी कार्यालयातल्या जावकासारखी लिहून चालत नाही. वाचणारा प्रत्येक माणूस ओळखीचा असतो, त्याच्याकडे उधारी असते किंवा त्याचे काही देणे असते, आणि दुकान पुन्हा उघडेल तेव्हा त्याच माणसाने पायरी चढावी लागते.

पाटीवर लिहिलेले कारण आणि खरे कारण नेहमी एकच होते असेही नाही, आणि हे मी जाणीवपूर्वक सांगत आहे. दुसऱ्या लाटेत किराण्याला परवानगी होती. एप्रिल 2021 च्या तिसऱ्या आठवड्यापासून वेळ सकाळी सात ते अकरा अशी केली गेली, तरी दुकान उघडता येत होते. तरीसुद्धा आमच्या ओळीतील एक किराणा दुकान काही आठवडे बंद राहिले. पाटी होती, "माल न आल्यामुळे दुकान बंद." खरे म्हणजे घरातले तिघे एकापाठोपाठ आजारी होते. तसे लिहिले असते तर आज बरे झाल्यावरही त्यांच्याकडून साखर न्यायला लोक कचरले असते; पहिल्या लाटेत एका घराच्या दारावर प्रतिबंधित क्षेत्राचा फलक लागला तेव्हा त्या घराशी गाव कसे वागले हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा वेळी "माल नाही" किंवा "घरगुती कारणामुळे" हे शब्द कुटुंबाचा आधार होते. आता आपण पुरावा मागता, म्हणजे त्या कुटुंबाने आपले वैद्यकीय कागद ग्रामपंचायतीच्या टेबलावर मांडायचे, आणि कार्यालयात बसलेल्या चार माणसांनी ते वाचायचे. हे करण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मला वाटत नाही.

याहून जड गोष्ट कोपऱ्यातल्या चहा-नाश्त्याच्या हॉटेलाची आहे. त्याचे मालक एप्रिल महिन्यात गेले. त्यांच्या पत्नीने माझ्याकडून "घरगुती कारणामुळे हॉटेल बंद राहील" एवढेच लिहून घेतले, त्यांचे नाव किंवा निधन असा शब्दही नको म्हणाल्या. आपल्या कार्यालयाचे पत्र त्या मृत माणसाच्या नावाने निघाले आणि शिपायाने ते त्या बाईंच्या हातात देऊन सही घेतली. मृत्यूची नोंद आपल्याच कार्यालयात झालेली आहे. एकाच इमारतीतील एका कपाटात तो माणूस वारल्याची नोंद असताना दुसऱ्या कपाटातून त्याला गाळा बंद का ठेवला असे विचारणारे पत्र निघते, याचे दुःख मला माझ्या भाड्यापेक्षा अधिक आहे. त्या बाईंची माफी मागितली जावी, हे मी पुढे मागणी म्हणूनही लिहिणार आहे.

आता आपल्या पत्रातील "शासनाचे आदेश स्पष्ट असताना" या शब्दांविषयी लिहितो. आदेश स्पष्ट नव्हते. 24 एप्रिल 2020 रोजी रात्री केंद्रीय गृहमंत्रालयाने आदेश काढला आणि ग्रामीण भागातील नोंदणीकृत दुकाने, मॉलमधील सोडून, उघडण्यास मुभा दिली. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर तो आदेश वाचून काहींनी शटर उघडली. सलून आणि हॉटेल त्यात येत नाहीत हा खुलासा केंद्राने त्यानंतर केला. राज्याचा व जिल्ह्याचा आदेश काय म्हणतो हे दुपारपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते, आणि तोवर आमच्या चौकात गाडी येऊन दुकाने बंद करून गेली. एप्रिल 2021 मध्ये पुन्हा तेच झाले. "ब्रेक द चेन" म्हणून 4 तारखेला निर्बंध जाहीर झाले तेव्हा बातम्यांतून आमचा समज शनिवार-रविवार बंद असा झाला होता. आदेश हाती आला तेव्हा कळले की अत्यावश्यक सोडून सर्व दुकाने आठवडाभर बंद आहेत. कापड दुकानदाराने लग्नाचे बस्ते डोळ्यांपुढे ठेवून माल भरून ठेवला होता. त्यानंतर लग्नाला फक्त पंचवीस माणसे आणि दोन तास अशी अट आली. पंचवीस माणसांच्या लग्नाला बस्ता कितीसा लागणार? आजही, 25 जूनच्या आदेशानंतर, अत्यावश्यक नसलेली दुकाने दुपारी चारपर्यंत आणि फक्त सोमवार ते शुक्रवार उघडी ठेवता येतात. पेरणी, डवरणीच्या दिवसांत वावरातून माणूस परत येतो तो पाच-सहाला. म्हणजे गिऱ्हाईक गावात येते तेव्हा शटर खाली गेलेले असते, आणि आपल्या नोंदवहीत त्याचीही "बंद" अशीच नोंद होते.

यातले काही आदेश आवश्यक होते हे मी नाकारत नाही. या वर्षी फेब्रुवारीत अमरावती, यवतमाळ, अकोल्याकडे रुग्ण वाढू लागले तेव्हा त्याचे गांभीर्य आम्ही जवळून पाहिले. आशाताईंनी दारोदार फिरून तापमान व ऑक्सिजन मोजला, शाळेच्या खोल्यांत विलगीकरण झाले, आपल्या कर्मचाऱ्यांनी फवारणी केली, त्यांच्यापैकी काही आजारी पडले. साथ रोखण्यासाठी दुकाने बंद ठेवावी लागली तर ती ठेवू, हे आम्ही तेव्हाही म्हणत होतो. माझा आक्षेप त्या बंदचा सगळा हिशेब नंतर एकट्या दुकानदाराच्या नावावर मांडण्याला आहे.

आणि एक बंद असा होता की ज्याचा आदेश कोणत्याही वरच्या कार्यालयाकडून आलेला नव्हता. जिल्ह्याने परवानगी दिलेली असतानाही गावात रुग्ण सापडल्यावर ग्रामपंचायतीने स्वतः बंद जाहीर केला. घंटागाडीच्या भोंग्यावरून संध्याकाळी सांगण्यात आले आणि दुसऱ्या दिवसापासून औषधाचे दुकान व दूध सोडून सर्व बंद झाले. एकदा कोतवालाने दवंडी दिली. त्या निर्णयाचा ठराव झाला असेल तर त्याची प्रत कोणालाही दिली गेली नाही, फलकावर ती लागली नाही, बंद किती दिवसांचा हेही सांगितले गेले नाही. रोज सकाळी सदस्यांना फोन करून विचारावे लागत होते. आम्ही तो पाळला, कारण गावाचे भले आम्हालाही कळते. आज आपण आमच्याकडे त्याच दिवसांचा लेखी पुरावा मागत आहात. भोंग्यावरून दिलेल्या आदेशाचा पुरावा आम्ही कोठून आणावा? विद्यमान सदस्यांपैकी अनेकजण जानेवारी 2021 च्या निवडणुकीत निवडून आले, त्याआधी काही महिने प्रशासक होते, हे मला माहीत आहे. परंतु माणसे बदलली तरी दप्तर तेच आहे, आणि पुरावा असेल तर तो त्या दप्तरात असला पाहिजे.

दंडाविषयी थोडक्यात लिहितो. एप्रिलमध्ये दुकानदारांनी लस घ्यावी, नाहीतर पंधरा दिवसांच्या आतील चाचणी अहवाल जवळ बाळगावा, असा नियम होता. त्या वेळी लस पंचेचाळीस वर्षांवरील व्यक्तींनाच मिळत होती, मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणारा मुलगा तिशीच्या आतला आहे, आणि आरटीपीसीआरचा नमुना जिल्ह्याला जाऊन अहवाल येईपर्यंत अर्धी मुदत संपलेली असे. मुलांचे ऑनलाइन वर्ग चालू होते, फोन बिघडला की पालक त्याच्या घरी येऊन विनवत होते. एका सकाळी त्याने अर्धे शटर उघडून एक डिस्प्ले बदलून दिला आणि त्याला दंड झाला. दंडाबद्दल मी वाद घालत नाही. पैसे घेतले पण पावती दिली नाही, याबद्दल वाद आहे.

आता भाडे. आपण बंद काळाचे पूर्ण भाडे लावले आहे आणि त्यावर विलंब आकारही लावला आहे. या काळात कोणाला काय मिळाले ते पाहावे. 13 एप्रिल 2021 रोजी राज्य शासनाने निर्बंधांसोबत 5,476 कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यात नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक आणि नोंदणीकृत बांधकाम कामगार यांना प्रत्येकी 1,500 रुपये आणि आदिवासी कुटुंबांना 2,000 रुपये होते; ते योग्यच होते, रक्कम आणखी हवी होती. त्या यादीत सलूनवाला नव्हता, टेलर नव्हता, चहाचे हॉटेल नव्हते, चपलांचे दुकान नव्हते. केंद्राची पथविक्रेत्यांसाठीची दहा हजारांच्या कर्जाची योजना शहरांसाठी होती, आणि उद्योगांसाठीचे तातडीचे हमी कर्ज ज्यांचे आधीच बँकेत कर्ज चालू होते त्यांच्यासाठी होते. आमच्यापैकी बहुतेकांचे भांडवल म्हणजे ठोक व्यापाऱ्याची उधारी, घरातल्या बाईचे बचत गटाचे कर्ज आणि भिशी. रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये मार्च ते ऑगस्ट या महिन्यांच्या हप्त्यांना स्थगिती दिली. व्याज चालू राहिले, तरी निदान हप्ता थकला म्हणून कोणाला थकबाकीदार ठरवले गेले नाही. एवढी सवलत बँका देतात, आणि गावाने निवडून दिलेली ग्रामपंचायत आपल्याच गाळेधारकाला विलंब आकार लावते, हे मला पटत नाही.

दुकाने उघडी होती तेव्हाही पैसा का फिरला नाही, हे शेतकरी असलेल्या सदस्यांना मी वेगळे सांगायला नको. आपल्याकडे उधारीची वही शेतमालाच्या चुकाऱ्यावर बंद होते. 2020 च्या टाळेबंदीत कापूस खरेदी केंद्रे बंद पडली, पुन्हा सुरू झाली तरी अनेकांच्या गाडीचा नंबर पावसाळ्याच्या तोंडावर लागला. त्याच खरिपात सोयाबीनचे बियाणे उगवले नाही म्हणून कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. आठवडी बाजार बंद होता, म्हणजे आजूबाजूच्या खेड्यांतून येणारे माणूसच गावात येत नव्हते. गुजरीत भाजी घेणारे गावचेच लोक, तेही सकाळी सकाळी. बाजाराच्या दिवशी माझ्या ओळीत जेवढा गल्ला व्हायचा तेवढा या काळात आठवड्याभरात झाला नाही. म्हणून 2020 च्या दिवाळीनंतर दुकाने रीतसर उघडी असतानाही काहींनी ती एक दिवसाआड उघडली, कारण रोज उघडून विजेचे मीटर फिरवण्याइतकीही विक्री नव्हती. याला आपले पत्र "स्वेच्छेने बंद" असे म्हणते.

करारात सलग तीन महिने गाळा बंद ठेवल्यास तो परत घेण्याची अट आहे, हे खरे आहे आणि ती अट चांगली आहे. धंदा न करता गाळे अडवून ठेवणाऱ्यांना आळा घालण्यासाठी ती घातली गेली आणि तिचा तसा उपयोग झालेलाही आहे. परंतु साथरोग कायदा 1897 आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 यांच्याखाली निघालेल्या आदेशांमुळे, ज्यांच्या उल्लंघनासाठी भारतीय दंड संहितेच्या कलम 188 चा धाक होता, जे दुकान बंद राहिले त्याला ही अट लावणे म्हणजे कायदा पाळणाऱ्याला शिक्षा करणे होय. फेरलिलाव झाला तर तालुक्याहून किंवा शहरातून पैसेवाले येतील, बोली वाढेल, ग्रामपंचायतीचे उत्पन्नही वाढेल. टेलर आणि सलूनवाला मात्र त्या बोलीत उभे राहू शकणार नाहीत. हा हेतू आपल्या पत्रामागे नाही असे मी मानतो. तो नाही हे आपण कृतीने दाखवावे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

सर्व गाळेधारकांना दिलेले पत्र मागे घ्यावे. मार्च 2020 पासून केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्वतः ग्रामपंचायत यांनी दुकाने बंद ठेवण्याचे जे जे आदेश दिले त्यांचा तारीखवार तक्ता कार्यालयानेच तयार करावा, तोंडी दिलेले आदेशही त्यात लिहावेत, आणि त्या तक्त्यातील दिवसांसाठी कोणाकडूनही खुलासा मागू नये. आजारपण किंवा मृत्यू हे कारण असल्यास गाळेधारकाचे साधे निवेदन पुरेसे मानावे. वैद्यकीय कागद मागू नयेत.

आदेशाने बंद राहिलेल्या काळाचे भाडे माफ करावे. त्यासाठी वरिष्ठ कार्यालयाची मंजुरी लागत असेल तर तसा ठराव ग्रामसभेत मांडून पंचायत समितीकडे पाठवावा, आणि निर्णय होईपर्यंत वसुली थांबवावी. विलंब आकार सर्वांचा रद्द करावा. उरलेले भाडे दिवाळीनंतर, म्हणजे कापूस-सोयाबीन घरात आल्यावर, हप्त्यांनी घ्यावे. हे भाडे आम्ही बुडवणार नाही.

चहाच्या हॉटेलाचा गाळा विनालिलाव, विनाशुल्क त्या बाईंच्या नावावर करावा आणि मृत व्यक्तीच्या नावाने पत्र पाठवल्याबद्दल सरपंच व ग्रामविकास अधिकारी यांनी त्यांच्या घरी जाऊन दिलगिरी व्यक्त करावी. गावात अशी आणखी कुटुंबे असतील तर त्यांनाही हाच न्याय द्यावा.

ज्यांच्याकडून गावाच्या हद्दीत दंड घेतला गेला त्यांना पावत्या द्याव्यात. ज्याची पावती निघू शकत नाही तो पैसा परत करावा.

तिसऱ्या लाटेची चर्चा सुरू आहे आणि पुन्हा बंदची वेळ येऊ शकते. तशी वेळ आलीच तर आदेश मराठीत, एका पानावर, निदान चोवीस तास आधी फलकावर लावावा. बंद का आहे, कोणती दुकाने बंद आणि कोणती सुरू, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि शंका असल्यास कोणाला फोन करायचा, एवढे त्यात असावे. खाली सही आणि शिक्का असावा. त्याच पानाची प्रत प्रत्येक दुकानदाराला शटरवर लावायला द्यावी. सर्वांच्या दारावर एकच कागद असला म्हणजे कोण आजारी, कोणाकडे माल नाही, कोणाच्या घरी काय झाले, याची चौकशी कोणी पाटी वाचून करणार नाही.

आणि शेवटची मागणी, जिच्यासाठी पैसा लागत नाही. या काळात आपल्या हद्दीतील कोणती दुकाने, टपऱ्या, पानठेले कायमचे बंद पडले याची नोंद ग्रामपंचायतीने घ्यावी. आमच्या ओळीतील चपलांचे दुकान उघडले नाही आणि आता उघडणार नाही. तो माणूस रोजगार हमीच्या कामावर जातो. आठवडी बाजारात बांगड्यांचे दुकान मांडणारी बाई माहेरच्या गावी निघून गेली. हे लोक कोणत्याही अहवालात नाहीत, कारण कागदावर त्यांचे दुकान आदेशाने बंद झाले आणि आदेशाने उघडले. सदस्यांनी आपापल्या वॉर्डात फिरून, कोणते दुकान, कधी बंद पडले, चालवणाऱ्याच्या शब्दांत कारण काय आणि पुन्हा सुरू करायला काय लागेल, एवढे चार रकाने भरले तर ती वही पुढच्या ग्रामसभेत वाचता येईल आणि उद्या एखादी मदत योजना आली तर नावे शोधत बसावे लागणार नाही. हे लिहून घेण्याचे काम मी विनामूल्य करायला तयार आहे. वह्या माझ्याकडे आहेतच.

साथीमुळे ग्रामसभा घेता येत नसेल तर अंतर ठेवून शाळेच्या पटांगणात गाळेधारकांची बैठक बोलवावी. आपल्या पत्रातील सात दिवसांची मुदत येत्या शुक्रवारी संपते. त्याआधी किमान वसुली व फेरलिलावाची कारवाई स्थगित केल्याचे लेखी कळवावे. तसे न झाल्यास आम्ही सर्व गाळेधारक सोमवारी सकाळी अकरा वाजता, मास्क लावून व अंतर ठेवून, आपल्या कार्यालयात येऊ आणि हेच निवेदन गटविकास अधिकाऱ्यांकडेही देऊ.

आपला,
एक गाळेधारक
वह्या-पुस्तके व झेरॉक्सचे दुकान, ग्रामपंचायत व्यापारी संकुल